गळ्यातली नळी आणि कागदावरचा कोड

गेल्या रमजानमधल्या एका पहाटेची गोष्ट. सहरीसाठी घरात दिवे लागले होते. स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि मुलांना उठवण्याची गडबड चालू होती. एवढ्यात आतल्या खोलीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. जाऊन पाहतो तर आमचे मोठे चाचा पलंगावर उठून बसलेले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. गळ्यातल्या नळीतून हवा जेमतेम ये-जा करत होती.

चाची घाबरल्या नाहीत. नर्सने शिकवले होते तसे त्यांनी एका हाताने बाहेरची नळी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने आतली नळी अलगद काढली. ती वाळलेल्या कफाने अर्धीअधिक बुजली होती. श्वास थोडा मोकळा झाला, पण पुरता झाला नाही. आम्ही १०८ ला फोन केला. रुग्णालयात डॉक्टरांनी पाहिले तेव्हा बाहेरच्या नळीच्या टोकालाही कफाची खपली धरली होती. त्यांनी अख्खी नळी बदलली, दोन रात्री ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडले. चाचा वाचले. अल्हम्दुलिल्लाह.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण ईदनंतर विमा कंपनीचे पत्र आले. डिस्चार्ज कार्डावरील निदान पाहता रुग्णाला दाखल करून घेण्याचे कारण स्पष्ट होत नाही, तरी खुलासा करावा, असे त्यात म्हटले होते. आम्ही सगळे चक्रावलो. माणूस गुदमरत होता आणि हे विचारतात कारण काय?

कार्ड पुन्हा उघडून पाहिले. निदानाच्या जागी दोनच शब्द होते : ट्रेकिऑस्टॉमी स्टेटस. दाव्याच्या अर्जात त्याच्यासमोर कोड होता, झेड ९३.०.

त्या कोडचा अर्थ आम्हाला आमच्या भाचीने सांगितला. ती पुण्यात मेडिकल कोडिंगचे काम करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांची कागदपत्रे वाचायची आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड द्यायचा, हे तिचे रोजचे काम. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई या शहरांत शास्त्र शाखेचे हजारो पदवीधर आज हे काम करतात. आमच्या समाजातल्याही कितीतरी मुली त्यात आहेत. आतापर्यंत तिचे काम म्हणजे संगणकावर काहीतरी आकडे भरणे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्या दिवशी तिने कार्ड हातात घेतले, वाचले आणि म्हणाली, "यात नानांना काय झाले होते ते लिहिलेलेच नाही. नाना कसे आहेत, एवढेच लिहिले आहे."

हा फरक आम्हाला समजायला थोडा वेळ लागला. तो समजल्यावर मात्र वाटले की ज्या ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या प्रत्येक घराला हे कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

नळी कशासाठी?

आपण नाका-तोंडाने घेतलेली हवा घशातून श्वासनलिकेत आणि तिथून फुप्फुसात जाते. काही कारणाने हा रस्ता बंद झाला, किंवा रुग्णाला बरेच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, किंवा त्याला स्वतःचा कफ खोकून काढता येईनासा झाला, तर डॉक्टर गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला एक छिद्र करतात आणि त्यात नळी बसवतात. या शस्त्रक्रियेला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. घशाचा कर्करोग, डोक्याला जबर मार, पक्षाघात, नसांचे काही आजार, अशा अनेक कारणांनी ती करावी लागते. बऱ्याच रुग्णांची नळी काही आठवड्यांत निघते. काहींची वर्षानुवर्षे राहते. आमच्या चाचांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. हातपाय बरेच सावरले, पण गिळण्याची आणि खोकण्याची ताकद कमीच राहिली. म्हणून नळी राहिली.

ही शस्त्रक्रिया आधुनिक काळातलीच आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. अंदलुसमधल्या कुर्तुबा शहराजवळ राहणारे थोर शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू सुमारे १०१३) यांनी आपल्या 'किताबुत् तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथात तिच्याविषयी लिहिले आहे. एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवली होती. त्यांना बोलावण्यात आले. जखमेतून हवा बाहेर पडत होती, पण मोठी रक्तवाहिनी तुटलेली नव्हती. त्यांनी जखम शिवली. ती मुलगी बरी झाली, फक्त आवाज थोडा घोगरा राहिला. श्वासनलिका कापली गेली तरी ती भरून येते, म्हणून वेळ पडल्यास तिथे छेद घेणे घातक नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. पुढे बाराव्या शतकात इश्बिलियाच्या इब्न जुहर यांनी एका बकरीवर हा छेद घेऊन पाहिला आणि तो भरून येतो याची खात्री करून घेतली. अल-जहरावींनी डोळ्यांनी जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून ठेवले, म्हणून पुढच्यांना त्याचा उपयोग झाला. नीट लिहून ठेवण्याचे महत्त्व तेव्हाही होते आणि आजही आहे.

कोड आले कुठून?

रोगांची नावे प्रत्येक देशात वेगळी, प्रत्येक डॉक्टरची लिहिण्याची पद्धत वेगळी. मग कोणत्या रोगाने किती माणसे आजारी पडली, किती दगावली, हे मोजायचे कसे? एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या जाणकारांना हा प्रश्न पडला. फ्रान्सचे जाक बर्तिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली आणि १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने ती स्वीकारली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही यादीत समावेश केला. हीच यादी सुधारत सुधारत आज आयसीडी म्हणून ओळखली जाते. तिच्या दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या रुग्णालयांच्या आणि विम्याच्या कागदांवर अजून दहावीच दिसते. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीला आपले जास्तीचे पोटविभाग जोडले आणि ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणली. आमची भाची ज्या पुस्तकावरून काम करते ते हेच.

आपल्याकडे हा कोड सामान्य माणसाच्या वाट्याला येतो तो बहुधा विम्याच्या वेळी. दाव्याच्या अर्जाचे दोन भाग असतात. 'अ' भाग आपण भरतो आणि 'ब' भाग रुग्णालय भरते. त्या 'ब' भागात निदानासमोर आयसीडी-१० कोडसाठी रकाना असतो. आपण सही करतो, पण त्या रकान्यात काय लिहिले आहे ते बहुतेक जण पाहत नाहीत. आम्हीही पाहिले नव्हते.

एकाच नळीचे तीन कोड

भाचीने एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. त्या आम्ही इथे आमच्या शब्दांत देत आहोत.

पहिला कोड झेड ९३.०. याचा अर्थ, या माणसाच्या गळ्यात श्वासासाठी छिद्र आहे. बस्स, एवढेच. ते छिद्र नीट चालले आहे, त्याची काही तक्रार नाही. माणूस डोळ्यांच्या किंवा मधुमेहाच्या तपासणीला गेला, तर डॉक्टरांना हे माहीत असावे म्हणून हा कोड लिहायचा. स्टेटस म्हणजे स्थिती. हा आजार नाही.

दुसरा कोड झेड ४३.०. याचा अर्थ, माणूस त्या छिद्राच्या किंवा नळीच्या देखभालीसाठी आला आहे. ठरलेल्या वेळी नळी बदलणे, साफ करणे, गरज संपली म्हणून छिद्र बंद करणे, हे यात येते. म्हणजे काम नळीचेच आहे, पण काही बिघडलेले नाही.

तिसरा कोड जे ९५.०. याचा अर्थ, नळीत किंवा छिद्रात काहीतरी बिघडले आहे. त्यातून रक्त आले, तिथे जंतुसंसर्ग झाला, नळीचा मार्ग बंद झाला, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडले. जागतिक यादीत हे सगळे एकाच कोडखाली येते. अमेरिकेच्या पुस्तकात त्याचे सहा पोटविभाग आहेत : जे ९५.०१ म्हणजे रक्तस्राव, जे ९५.०२ म्हणजे जंतुसंसर्ग, जे ९५.०३ म्हणजे नळी बंद पडणे किंवा बिघडणे, जे ९५.०४ म्हणजे अन्ननलिकेशी जोडले गेलेले भोक, जे ९५.०९ म्हणजे इतर गुंतागुंत आणि जे ९५.०० म्हणजे नेमकी कोणती ते नमूद नसलेली गुंतागुंत.

अमेरिकेच्या पुस्तकात आणखी एक नियम आहे. एकाच भेटीसाठी पहिला कोड दुसऱ्या किंवा तिसऱ्या कोडच्या जोडीने लिहायचा नाही. 'सगळे ठीक आहे' आणि 'बिघडले आहे' या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हा त्यामागचा साधा विचार.

आता आमच्या चाचांच्या कार्डाकडे पाहा. पहाटे नळी बुजली, जीव धोक्यात आला, नळी बदलली, दोन रात्री देखरेखीखाली ठेवले. ही तिसऱ्या कोडची गोष्ट. कार्डावर मात्र पहिला कोड. विमा कंपनीच्या माणसाने जे वाचले ते असे होते : गळ्यात नळी असलेला, कसलीही तक्रार नसलेला एक माणूस दोन दिवस रुग्णालयात राहून गेला. मग त्याने कारण विचारले तर त्याचे काय चुकले?

'गुंतागुंत' या शब्दाची भीती

मग डॉक्टरांनी तसे का लिहिले नसेल? आम्ही भाचीला विचारले. ती म्हणाली, "घाईत राहून गेले असेल. पण कधी कधी गुंतागुंत हा शब्द लिहायलाच लोक घाबरतात."

त्याचे कारण आपणही आहोत. कागदावर गुंतागुंत असे दिसले की नातेवाईक लगेच विचारतात, चूक कोणाची? मोठ्याने बोलणे होते, भांडण होते. पण कोडिंगच्या भाषेत गुंतागुंत म्हणजे कोणाचा गुन्हा नव्हे. उपचारासाठी शरीरात काही बसवले आणि त्या कारणाने पुढे काही बिघडले, एवढाच त्याचा अर्थ. चाचांच्या नळीत कफ वाळला तो डॉक्टरांच्या चुकीने नव्हे, तसाच चाचींच्या हयगयीनेही नव्हे. उन्हाळ्याची कोरडी हवा होती आणि दिवसभर पंखा चालू होता. नाकातून जाणारी हवा नाक ओलसर आणि कोमट करते. नळीतून जाणाऱ्या हवेला हे नाक मिळत नाही. म्हणून कफ वाळतो.

उलट बाजूचाही नियम आहे, आणि तो तितकाच महत्त्वाचा. नळी असलेल्या माणसाला जे जे होईल ते सगळे नळीमुळेच झाले, असे कोडरने आपल्या मनाने ठरवायचे नाही. नळी असलेल्या माणसाला साधा न्यूमोनियाही होऊ शकतो. हा त्रास नळीमुळे झाला, असा संबंध डॉक्टरांनी लिहिला असेल तरच गुंतागुंतीचा कोड देता येतो. लिहिलेले स्पष्ट नसेल तर कोडरने डॉक्टरांना विचारायचे असते, अंदाज करायचा नसतो.

आम्ही काय केले

आमच्या एका नातेवाइकाने सल्ला दिला, "आता कागद बदलून घ्यायचाच आहे, तर रक्तात जंतू पसरले होते असे लिहून घ्या. कुणी विचारणार नाही." असे सल्ले देणारे प्रत्येक घरात असतात. चाचांनी तो ऐकला, नळीवर बोट ठेवले आणि दोनच शब्द बोलले : "खोटं नको."

नळी असलेल्या काही माणसांना असे बोलता येते. नळीचे तोंड क्षणभर बंद केले की बाहेर पडणारा श्वास वर कंठाकडे जातो आणि आवाज फुटतो. हे डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच करायचे असते, कारण ज्या नळीला आतून फुगा असतो आणि तो फुगवलेला असतो, तिचे तोंड बंद केले तर श्वासच कोंडतो. चाचांच्या नळीला फुगा नाही.

आम्ही रुग्णालयाला साधा अर्ज लिहिला आणि उपचाराच्या कागदांच्या प्रती मागितल्या. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केली तर ७२ तासांच्या आत हे कागद द्यावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत म्हटले आहे. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवावेत, असेही त्यांत आहे. प्रती मिळाल्या. तातडीच्या विभागातल्या नोंदीत सगळे स्वच्छ लिहिलेले होते : नळी कफाने बंद, श्वासाला त्रास, प्राणवायूचे प्रमाण कमी, नळी बदलली. फक्त कार्ड तयार करताना ही ओळ वर आली नव्हती.

डॉक्टरांना भेटलो. आवाज न चढवता दोन्ही कागद समोर ठेवले. त्यांनी पाहिले आणि लगेच मान्य केले. जुने कार्ड खोडले नाही. त्याच्या जोडीला त्या दिवसाची तारीख टाकून दुरुस्तीची नोंद दिली : कफामुळे ट्रेकिऑस्टॉमीची नळी बंद पडली, त्यासाठी दाखल, कोड जे ९५.०. सोबत मेंदूत रक्तपुरवठा अडून झालेल्या पक्षाघाताच्या मागे राहिलेल्या त्रासाचा कोड, आय ६९.३. पुढे दावा मंजूर झाला.

पैसे मिळाले याचा आनंद झालाच. पण भाची जे बोलली ते त्याहून जास्त लक्षात राहिले. ती म्हणाली, "पैशाचे सोडा. पुढच्या वेळी नाना दुसऱ्या दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरांना या कार्डावरून कळले असते का, की यांची नळी एकदा बुजली आहे?" खरेच, कळले नसते. आणि अशा प्रत्येक नळीच्या नावाने 'स्थिती ठीक' असेच लिहिले गेले, तर वर्षभरात किती नळ्या बुजल्या हे रुग्णालयालाही कळणार नाही. जे मोजले जात नाही, ते सुधारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

कोडची यादी, घरातला पहारा

ही यादी आकडे मोजण्यासाठी केलेली आहे. पण नीट पाहिले तर नळी असलेल्या माणसाच्या घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचे, तेच तिच्यात लिहिलेले आहे.

रक्त. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत किंवा कफ ओढून काढताना कधी कफाला रक्ताची एखादी रेघ दिसू शकते. पण ताजे लाल रक्त आले, मग ते थोडे का असेना आणि आपोआप थांबले तरी, वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. थोडे रक्त हा कधी कधी मोठ्या रक्तस्रावाचा इशारा असतो.

जंतुसंसर्ग. छिद्राभोवतीची कातडी लाल होणे, सुजणे, दुखणे, पू येणे, कफ पिवळा-हिरवा आणि दुर्गंधी होणे, ताप येणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नळी बंद पडणे किंवा निसटणे. शिट्टीसारखा आवाज, बरगड्या आत ओढल्या जाणे, बेचैनी, घाम, ओठ निळसर होणे. अशा वेळी आतली नळी असेल तर ती आधी काढावी, शिकवले असेल तसा कफ मशीनने ओढून काढावा, आणि लगेच आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा. शस्त्रक्रियेला आठवडाही झाला नसताना नळी निसटली तर धोका फार मोठा असतो, कारण छिद्राचा रस्ता अजून पक्का झालेला नसतो. तिथे घरच्या घरी धडपड करू नये.

अन्ननलिकेशी जोडले गेलेले भोक. पाणी पिताना किंवा जेवताना प्रत्येक वेळी जोराचा खोकला येणे, नळीतून निघणाऱ्या कफात दूध, चहा किंवा अन्नाचे कण दिसणे. हे दिसले तर तोंडाने खाणे थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आमच्या घरात हे चार मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहून चाचांच्या पलंगाजवळ भिंतीवर लावले आहेत. शेजारी एक पिशवी कायम भरलेली असते : त्याच मापाची एक जादा नळी, एक माप लहान नळी, बांधण्याची पट्टी, कात्री, कफ ओढण्याच्या कॅथेटर आणि कार्डाची झेरॉक्स.

रोजच्या काही गोष्टीही आम्ही अनुभवाने शिकलो. घरात लोबान, ऊद किंवा अगरबत्तीचा धूर चाचांच्या खोलीत जाऊ देत नाही. अत्तराचा फवारा आणि पावडर त्यांच्याजवळ उडवत नाही. नळीवर ओलसर जाळीचे कापड असते, पण सुटे धागे निघणारा कापूस कधीच ठेवत नाही. कॅथेटर आत घालताना मशीनचा जोर द्यायचा नाही, बाहेर काढतानाच द्यायचा, आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही, हे चाचींना पाठ आहे. वुजू करताना चाचा तोंडावर पाण्याचा हबका मारत नाहीत. गळ्यावर जाड रुमाल धरून ओंजळीतले थोडे पाणी हाताने चेहऱ्यावर फिरवतात. आंघोळीचे पाणी छातीच्या वर येऊ देत नाहीत. नमाज, रोजा याबाबत काही अडचण असेल तर आधी डॉक्टरांना आणि मग जाणकार आलिमांना विचारावे. सवलती अल्लाहने आजारी माणसासाठीच दिल्या आहेत.

एक फरक जीवावर बेतणारा

वरून सारखेच दिसणारे, पण आतून अगदी वेगळे असे आणखी एक छिद्र असते. घशाच्या कर्करोगात कधी कधी स्वरयंत्रच काढून टाकावे लागते. तंबाखू, विडी, सिगारेट यांनी ही वेळ आपल्याकडे किती घरांवर आणली, ते कर्करोगाच्या रुग्णालयात एक फेरी मारली की दिसते. अशा माणसाच्या श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या कातडीला कायमचे जोडलेले असते. त्याच्या नाका-तोंडाचा फुप्फुसाशी काहीच संबंध उरलेला नसतो. तो बेशुद्ध पडला आणि मदतीला आलेल्याने प्राणवायूचा मास्क तोंडावर धरला, तर प्राणवायूचा एक कणही आत जाणार नाही. तो गळ्यावरच धरावा लागतो.

म्हणून स्वरयंत्र काढल्याचा वेगळा कोड आहे. जागतिक यादीत तो झेड ९०.० मध्ये येतो आणि अमेरिकेच्या पुस्तकात झेड ९०.०२ असा स्वतंत्र आहे. पण रस्त्यावर धावून येणारा माणूस कोड वाचणार नाही. अशा रुग्णाच्या खिशात किंवा गळ्यात मराठीत स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी असावी : 'मी फक्त गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो.'

कार्ड हातात पडल्यावर

वाचक बंधू-भगिनींनो, रुग्णालयातून निघताना सगळ्यांना घाई असते. बिल, औषधे, गाडी. तरी पाच मिनिटे थांबा आणि कार्डावर या गोष्टी आहेत का ते पाहा. नळी कोणत्या तारखेला बसवली आणि का? नळीचे माप काय, तिला फुगा आहे की नाही? स्वरयंत्र शाबूत आहे की काढले आहे? या वेळी दाखल का केले होते : नुसती तपासणी, नळी बदलणे, की काही बिघाड? बिघाड असेल तर नेमका कोणता? पुढची नळी कधी बदलायची? दाव्याच्या अर्जातला कोड या उत्तरांशी जुळतो का? समजत नसेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि जे घडले नाही ते लिहून घेऊ नका. रुग्णाचा कागद ही अमानत आहे. उद्या त्याच कागदावर विसंबून कोणी परका डॉक्टर आपल्या माणसाला औषध देणार असतो.

बकरी ईदच्या दिवशी घरात पाहुणे भरले होते. सवयीप्रमाणे कोणीतरी हळू आवाजात विचारले, "चाचा अजून आजारीच आहेत का?" भाची तिथेच बसली होती. ती म्हणाली, "नाही. नानांच्या गळ्यात नळी आहे. ते आजारी नाहीत."

चाचांनी ते ऐकले. नळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ईद मुबारक." मग हात पुढे करून त्यांनी शीरखुर्म्याची वाटी मागितली. चाचींनी वाटी दिली आणि त्यांना ताठ बसवून, चमच्या-चमच्याने, खोकला येत नाही ना हे पाहत पाहत खाऊ घातले.